धोंडाऊ सुईणीच्या करमाफ ठेवीची हकीकत

श्री सटवाई समर्थ. जी पांचव्या रात्रीं येऊन लेंकराच्या कपाळीं कलमें लिहिते आणि लिहिलेलीं कोणास वाचूं देत नाही, तीस दंडवत करोन ही हकीकत लिहिली.

शके सतराशें चवदा, परिधावी नाम संवत्सर, श्रावण शुद्ध पंचमी, ते दिवशीं एका राज्यांत दवंडी पिटली. राज्याचें नांव लिहीत नाही, कारण लिहिलें असतां तेथील लोक 'कां लिहिलें' म्हणोन शोध लावितील. दवंडी ऐसी कीं, रयतेनें गांठीचा पैका ठेवीस घालावा, व्याजाचा चौथा हिस्सा आजवर सरकार घेत होतें तो महाराजांनी कृपावंत होऊन माफ केला, ठेव मात्र वर्षास शंभर रुपयांपावेतों असावी. आणि ऐसी ठेव घेण्याची सनद तीन घरांस दिली, एक बाजारची पेढी, दुसरें देवस्थानचें भांडार आणि तिसरा किल्ल्यावरील सरकारी खजिना. लोकांनी दवंडी ऐकिली आणि कोणी हंसलें नाही. त्या राज्यीं शेजारणीनें विरजण दिलें तरी आधीं बोट बुडवोन वास घेत. मग पारावर बोलूं लागले कीं, राजा चवथाई सोडतो म्हणजे बारा आणे कोठें तरी धरिले असतील.

त्या गांवीं धोंडाऊ म्हणोन सुईण होती. तीस वर्षें घरोघर फिरोन, कोठें रुपया कोठें चोळी ऐसें घेऊन, तिनें साठ रुपये सांठविले होते आणि चुलीमागें पुरिले होते. तिची एकुलती लेक गोजरा खिंडीपलीकडे नऊ कोसांवर दिली होती. तिचीं दोन लेंकरें तेथील दाईच्या हातीं गेलीं, आणि तिसऱ्याचे दिवस आश्विन वद्यांत भरणार होते. धोंडाऊच्या मनीं एकच होतें, कीं निरोप येतांच डोली धाडोन लेकीस माहेरीं आणावें आणि लेंकरू आपल्या हातीं घ्यावें. डोली, भोई, वैद्याचा काढा, यांस रोकड लागे, आणि ती त्याच दिवशीं लागे. पैका चुलीमागें राहिला तर वाढत नाही आणि उंदीर वास काढितात, म्हणोन ती ठेव पाहावयास निघाली. सवें वाचावयास रंगोबा गुरव घेतला.

पेढीवर शेटजींचा कारकून बैसला होता. तो म्हणाला, "शेंकडा आठ व्याज देतों. बैसा, पान घ्या." धोंडाऊनें पान घेतलें नाही. म्हणाली, "काढायचे कसे, तेवढं सांगा."

"आधीं घाला तर, आई. घालण्याआधीं काढण्याचें कोण पुसतें?"

"मी पुसते बाबा. आंत कसं गेलं ते मला कोणी सांगत नाही, बाहेर कसं येईल तेवढ्यासाठी बोलावतात. जन्म त्यातच गेला."

मग रंगोबानें कागद पालथा केला तों पाठीमागें बारीक अक्षरीं कलम निघालें कीं, ठेव काढणें तर चाळीस दिवस आधीं अर्ज करावा. धोंडाऊ उठली. "चाळीस दिवस थांबणारं लेंकरू मी अजून पाहिलं नाही," म्हणाली आणि पायरी उतरली.

भांडारांत शेंकडा सहा व्याज, आणि पुजारी मोठा गोड. "मनास येईल त्या दिवशीं न्या, देव का कोणाचें अडवितो?" धोंडाऊनें पुसिलें, "आणि नेल्यावर?" पुजारी समईची वात सारूं लागला. तिसऱ्यांदां पुसिलें तेव्हां कळों आलें कीं, एक रुपया काढिला तरी वर्षाची माफी सगळी मोडते, आणि मागील व्याजावरची चवथाईही वसूल होते. वाटेनें रंगोबा म्हणाला, "धोंडाऊ, तुझं डोकं कारकुनाचं हवं होतं." ती म्हणाली, "कारकुनाचं कशाला? त्यांनी तर लपवलं." आणि चालतां चालतां जात्यावरच्या सुरांत गुणगुणली,

आंत जातां वाट, फुलांनी ग झांकियेली,
बाहेर येतां बाई, कोणी विळी रोविलेली.

मग किल्ल्यावर गेली. तेथें व्याज शेंकडा चारच, परंतु कलमें साफ. मागाल त्या दिवशीं काढावें, माफी मोडत नाही, आणि काढिलेलें त्याच वर्षांत फिरोन घालावें तरी चालतें. रंगोबा संतोष पावला. धोंडाऊचा संशय मात्र दुणावला. "इतकं सोपं बाळंतपण कोणाचं होत नाही," म्हणाली, आणि कारकुनास सोडोन दरवाजाच्या पहारेकऱ्याचे घरीं गेली, कारण त्याच्या बायकोचीं चारी मुलें तिच्याच हातचीं. ती बाई ताक देतां देतां बोलिली, "आमचा घरधनी कोजागरी ते दिवाळीचा पाडवा सोळा दिवस घरीं लोळतो बघा. खजिन्याची मोजदाद असते, दाराला लाखेची सरकारी मोहोर. महाराज आले तरी कवडी निघत नाही." हें कोणत्याच कागदीं नव्हतें, कारण किल्ल्यावरच्यांस तें कलम न वाटतां रीत वाटे.

धोंडाऊनें बोटांवर दिवस मोजिले. गोजरेचे दिवस त्याच सोळांत. तरी तिनें साठही रुपये खजिन्यांतच घातले, आणि कोजागरीच्या आदले दिवशीं खिडकीवर जाऊन वीस काढिले आणि कमरेस बांधिले.

तेव्हां लोकांनी पाहिलें. एक म्हणाला, "सुईणीनं पैसे काढले." दुसरा म्हणाला, "तिला घराघरांतलं आंतलं कळतं. राणीवशांतही जाते." तिसऱ्यानें तर पागोटें उचलिलें आणि गड चढूं लागला. मग कुंभार निघाले, कोष्टी निघाले, अर्धा बाजार निघाला आणि खिडकीपासोन पायथ्यापावेतों रांग लागली. हें पाहोन अमात्यांनी धोंडाऊस बोलाविलें आणि पुसिलें, "तुम्हांस कोणी काय सांगितलें?"

"लेकीचे दिवस भरलेत, सरकार."

"इतकेंच?"

"सरकारास हें इतकंच वाटतं होय?"

अमात्यांचा विश्वास बैसला नाही. त्यांनी तिच्या मागें दोन हेर लाविले, येमाजी आणि सुभानजी, आणि आज्ञा केली कीं, बाई कोठें जाते तें डोळ्यांत तेल घालोन पाहणें.

आश्विन वद्य चतुर्थीस निरोप आला कीं, गोजरेस कळा लागूं पाहतात. धोंडाऊ भोयांच्या वाड्यांत गेली तों तेथें कुत्रेंही नव्हतें. खजिना लाखबंद जाहला तरी भोई आपले पैसे बुडाले म्हणोन गडाच्या दाराशीं बैसले होते आणि उठत नव्हते. कमरेस वीस रुपये आणि वाहावयास खांदा नाही, ऐसी धोंडाऊ डोलीपाशीं उभी राहिली. मग वळोन चिंचेकडे पाहिलें आणि म्हणाली, "त्या झाडामागं दोघे आहांत ते बाहेर या. चार दिवस मागं फिरतांय, आतां पुढं व्हा."

येमाजी म्हणाला, "आम्ही वाटसरू आहों, मावशी."

"वाटसरूच पाहिजेत. खांदे दाखवा."

सुभानजी हळूच म्हणाला, "आज्ञा तर हिच्याजवळ राहण्याचीच आहे." मग दोघांनी डोली उचलिली, खिंड चढले, गोजरेस घेऊन दुसरे दिवशीं फिरले, आणि गांवची वेस दिसतां दिसतां तिनें आईचा हात ऐसा आवळिला कीं बांगडी पिचली. घर गांठिलें. वैद्य काढा घेऊन बैसला होता तो तसाच बैसोन राहिला. दिवस मावळतां कन्या जाहली, आणि ती रडली. धोंडाऊनें तें रडणें पुरतें ऐकिलें, मग भिंतीस टेकोन आपण रडली.

हेरांनी अमात्यांस लिहिलें तें येणेंप्रमाणें, 'बाई म्हणत होती तेंच खरें निघालें. कन्या आणि माता खुशाल. बाईनें आम्हांस दोन दोन रुपये मजुरी दिली, ती घेतली, कारण न घेतली तर तीस संशय येता.'

पाडव्यानंतर लाख निघाली, पैका सगळा जागींच निघाला, आणि लोक 'इतका बरोबर कसा' म्हणोन नव्यानें कुजबुजूं लागले. धोंडाऊ वैद्याचें देऊन उरलेले अकरा रुपये फिरोन घालावयास गेली तों कारकून म्हणाला, "वीस दिवस बाहेर ठेविलेत, व्याज बुडालें तुमचें."

"कळतं मला," ती म्हणाली. "घरीं दूध पितंय तें."

सारांश, ऐसा प्रसंग त्या राज्यीं जाहला. ठेवींत कोणती थोर म्हणोन पुढील लोक वाद घालितील, त्यांणीं घालावा. त्या राज्यीं इतकें ठरलें कीं, दवंडीवाल्यानें आधीं पैका कसा निघतो तें सांगावें, कधीं निघत नाही तें सांगावें, आणि दम उरला तर व्याज. लिहिणारा आपला पैका कोठें ठेवितो हें मात्र कोणी पुसों नये.