मृदंगातला तांदूळ

या, असे जवळ सरका. एक गोष्ट सांगतो. आमच्या मळवलीत घडलेली आहे आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत कायदेशीर आहे.

लढाईचे चौथे वर्ष. रॉकेलचा रिकामा डबाही मिळेनासा झाला होता. उंदीर मात्र पूर्वीइतकेच होते. झुंबरबाईंनी घरातल्या मोडतोडीतूनच स्वयंपाकघर लावले. कंदिलाच्या काचेच्या दोन्ही तोंडांना चिंध्यांची बुचे बसवून तीत मोहरी भरली. मोडक्या छत्रीच्या काड्या वाकवून त्यांवर पळ्या टांगल्या. आणि तांदूळ ठेवला मृदंगात.

त्यांचे यजमान कोंडाजी देवळात कीर्तनाला मृदंग वाजवीत. ते गेले, मागून मृदंगाच्या दोन्हीकडच्या कातडी पुड्या फाटल्या. बाईंनी पोकळ खोडाच्या एका तोंडाला फळी ठोकली, दुसऱ्याला झाकण केले आणि तो आढ्याला टांगला. आत दोन पायल्या जुना आंबेमोहोर. लेक लीला पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. बाळंतिणीच्या पेजेला नवा तांदूळ चालत नाही.

एका संध्याकाळी लोणावळ्याहून धान्य-तपासनीस आले. माणूस भला. उभ्या जन्मात त्यांनी एकाही नियमाचे मन दुखवले नव्हते. पंच म्हणून आम्ही पाच प्रतिष्ठित गृहस्थ बरोबर होतो.

"बाई, हे काय?"

"तांदळाचा डबा, भाऊ."

"हा तर मृदंग दिसतो."

"व्हता. आता डबा हाय."

तपासनिसांनी यादी काढली. "मान्य धान्यपात्रे चार; घरी धान्य ठेवायचे ते यांतच. कणगी, रांजण, मडके, डबा. मृदंग नाही."

"मग डबा लिवा की."

"डबा म्हणजे पत्र्याचा."

"पत्रा समदा लढाईवर गेला न्हवं?"

"ते खाते वेगळे."

तरीही त्यांनी बाईंना एक संधी दिली. मृदंग हे वाद्य ठरले तर निदान वाद्य म्हणून सुटेल, म्हणून त्यांनी त्यावर थाप मारून पाहिली. आवाज आला नाही. त्यांनी लिहिले: 'वाजत नाही. कारण, आत तांदूळ.' म्हणजे ते वाद्य नव्हे. पात्र तर नव्हतेच. मग तांदूळ कशात होता? कशातच नव्हता. आणि जो तांदूळ कशातच नाही तो घरात आहे असे म्हणता येत नाही. जो घरात नाही तो घरी ठेवता येत नाही. इतके स्वच्छ तर्कशास्त्र मी शास्त्रीबुवांकडूनही ऐकले नव्हते.

झुंबरबाई दारात आडव्या आल्या. "पोरगी आज-उद्याची हाय वो! पेजंला तरी ऱ्हाऊ द्या."

"बाळंतिणीसाठी जादा धान्याची सोय आहे," तपासनीस मायेने म्हणाले. "अर्जात बाळाचे नाव लिहा."

"बाळ झालंच न्हाई अजून."

"मग झाल्यावर या."

आता तांदूळ न्यायचा कशात? कचेरीकडेही डबा नव्हता. तेव्हा तो मृदंगासकट न्यायचे ठरले आणि पंचनाम्यात नोंद झाली: 'सरकारी धान्यपात्र, लाकडी, नग एक.'

तेवढ्यात देवळात टाळ वाजले. हौशीरामभाऊ आमच्यातले जाणते; ते म्हणाले, "आटपा की लवकर! नमन हुकलं तर कीर्तनात राम न्हाई." मग कागद वाचत कोण बसतो? पाच सह्या झाल्या. चौथी माझी.

कीर्तनकार बुवांनी सुदाम्याच्या पोह्यांचे आख्यान लावले होते. घरात दाणा नाही, बायको शेजारून चार मुठी पोहे मागून आणते, फाटक्या फडक्यात बांधते. हौशीरामभाऊंनी उपरणे डोळ्यांना लावले. मीही लावले. तुम्ही असता तर तुम्हीही लावले असते. सही आधी करून.

सकाळी लीलाला मुलगी झाली. शेजारची जैतुनबी सुनेच्या बाळंतपणासाठी जपलेला जुना तांदूळ पदराखाली घेऊन आली.

"आगं जैतुन, तुझ्या सुनंला?"

"तिला तीन म्हैने हायेत. तवाचं तवा."

झुंबरबाई रिकाम्या आढ्याकडे बघत म्हणाल्या, "पर ह्यो ठेवू कशात?"

"ठेवतीस कशाला? चुलीवर टाक आदी!"

जैतुनबीला पंच म्हणून कधी कोणी बोलावले नाही. तिला सही येत नाही. तुमच्यापुढे कोणी कागद सरकवला आणि तुम्ही 'कुठं करू?' म्हणून लेखणी उचललीत, की तेवढी तिची आठवण ठेवा.