हसऱ्या वायूचं उद्घाटन

देवणीचे कापड दुकानदार धोंडप्पा यांची उजवीकडची खालची दाढ, नवा जिल्हा अस्तित्वात आला त्याच वर्षी दुखू लागली. या दोन घटनांचा परस्परसंबंध सिद्ध झालेला नाही. त्या वर्षी पाऊसही पडला नाही. त्याचाही कशाशी संबंध नाही, असं शासनाचं मत होतं.

जिल्हा नवा, म्हणून जिल्ह्याच्या गावी सगळं नवं आलं. नवे बोर्ड, नव्या जीपा, नवे साहेब. पाणी तेवढं जुन्या जिल्ह्याच्या वेळेसारखंच होतं, म्हणजे नव्हतं. या नवलाईत दातांचा एक सरकारी दवाखाना निघाला आणि त्यात ‘भयग्रस्त दंतरुग्ण शांतवन कक्ष’ उघडण्यात आला. घाबरणाऱ्या नागरिकाला आधी शांत करायचं आणि मगच त्याच्या तोंडात हात घालायचा, असा कक्षाचा उदात्त हेतू होता.

धोंडप्पा घाबरत असत. उधळलेला वळू शिंगांना धरून थोपवणारा हा माणूस. पण उदगीरला एका डॉक्टरनं चिमटा उचलताच खुर्चीतून उठला आणि गळ्यात बांधलेल्या फडक्यासकट एसटीत जाऊन बसला. कंडक्टरनं त्याला न्हाव्याकडून अर्ध्यात उठून आलेला समजून दाढीचा भाव विचारला होता. पुढं गाल इतका सुजला की दुकानात येणारी गिऱ्हाईकं आधी त्यांचा गाल बघत आणि मग कापड. शेवटी पत्नी उमादेवींनी त्यांना दंडाला धरून नव्या जिल्ह्याच्या गावी आणलं.

कक्षातले डॉक्टर मन्मथ वयानं कोवळे आणि स्वभावानं गोड होते.

“हिरडी बधिर करायची सुई मी देणारच आहे, अप्पा,” ते म्हणाले. “पण सुईचीच भीती असेल तर तीन मार्ग आहेत. गोळी घ्या, गुंगी येईल. वायू हुंगा, शुद्ध राहील पण कशाचं काही वाटणार नाही, उलट हसू येईल. किंवा पूर्ण भूल घ्या, झोपूनच जाल.”

“तिन्ही एकदम द्या,” धोंडप्पा म्हणाले.

परंतु मार्ग देण्याचा अधिकार डॉक्टरांकडं नव्हता. तो कक्ष अधिकारी भुजंगराव यांच्याकडं होता आणि त्याआधी भीती सिद्ध व्हावी लागत होती.

“आपण घाबरता?” भुजंगरावांनी विचारलं.

“लई.”

“दिसत तर नाही.”

“इथं कशाला घाबरू, साहेब? खुर्चीत बसलो की घाबरतो.”

“भीती सिद्ध झाल्याशिवाय खुर्चीत बसता येणार नाही.”

“आन् खुर्चीत बसल्याबिगर भीती कशी दिसंल?” उमादेवींनी विचारलं.

भुजंगरावांनी हा प्रश्न अत्यंत मोलाचा असल्याचं सांगितलं. धोंडप्पांना मात्र या संभाषणाचं हसू आलं, आणि अर्जदार हसतमुख आहे हे भुजंगरावांच्या नजरेतून सुटलं नाही. प्रकरण हातचं जातंय हे ओळखून उमादेवींनी डॉक्टरांच्या ताटलीतला चिमटा उचलला आणि नवऱ्याच्या नाकासमोर एकदा उघडून मिटला. पुढच्या क्षणी धोंडप्पा भुजंगरावांच्या टेबलावर उभे होते आणि पंख्याच्या पात्याला लोंबकळायच्या बेतात होते.

“तीव्र भीती,” भुजंगराव समाधानानं म्हणाले. “मंजूर. आता मार्ग निवडा.”

“गोळी,” धोंडप्पा टेबलावरूनच म्हणाले.

गोळ्या संपल्या होत्या. जिल्हा नवा असल्यानं रोज बैठका होत आणि बैठकीत वरिष्ठ काय विचारतील या भीतीनं कर्मचाऱ्यांनी त्या घेतल्या होत्या. “तीही भीतीच,” भुजंगराव म्हणाले. “आम्ही भेदभाव करत नाही.”

“मग पूर्ण झोपवा.”

तिथं वाटणीचा घोळ होता. जिल्हा वेगळा होताना भूल द्यायचं यंत्र इकडं आलं आणि भूल देणारे डॉक्टर तिकडच्या वाट्याला गेले. तिकडं ते यंत्राविना बसून होते, इकडं यंत्र त्यांच्याविना. दोन्ही जिल्ह्यांना निम्मा निम्मा वाटा पोचला असल्यानं तक्रारीला जागा नव्हती.

“हसरा वायू आहे,” डॉक्टर मन्मथ हळूच म्हणाले. “सिलिंडर भरलेलं आहे.”

“भरलेलं आहे, पण उद्घाटन झालेलं नाही,” भुजंगरावांनी सांगितलं. “मंत्रीसाहेब येतील तेव्हा होईल. धोंडप्पाशेठ, आपण उद्घाटनाचे रुग्ण. तोवर दाढ जपा.”

धोंडप्पांनी दाढ जपली. ज्वारीची पातळ पेज पिऊन आणि रात्री उशी चावून जपली. इकडं गावची विहीर तळाला गेली, टँकरचा पत्ता नव्हता, आणि उमादेवी गल्लीतल्या बायांना म्हणू लागल्या, “मंत्री आमच्या ह्यांची दाढ बघायला यायलेत. जाऊ आपणबी घागरी घेऊन. दाढंसंगं घागरीबी बघतील.”

उद्घाटनाच्या दिवशी धोंडप्पा नाकावर मास्क लावून खुर्चीत बसले. बाहेर घागरी वाजू लागल्या. मंत्रीसाहेबांच्या नजरेला रिकाम्या घागरी पडू नयेत म्हणून भुजंगरावांनी खिडक्या लावल्या; आवाज तरीही येतो म्हणून बायांनाच आत घेतलं; वार्ताहरांना बाया दिसू नयेत म्हणून दारही लावलं. टाळ्यांच्या गजरात मंत्रीसाहेबांनी सिलिंडरची चावी फिरवली. डॉक्टर मन्मथ “थोडीशीच, साहेब” म्हणेपर्यंत त्यांनी ती पूर्ण फिरवली. मास्कची नळी सुटली आणि वायू सर्वांना समान मिळाला.

“काय मागणी आहे?” मंत्रीसाहेबांनी विचारलं.

“पाणी!” उमादेवी म्हणाल्या आणि खुदकन हसल्या. “हिरीत घागर सोडली साहेब, तर वर काय आलं? बेडूक! त्योबी तहानलेला!”

बायांनी पदर तोंडाला लावले. गल्लीतल्या शिवम्मा घागर पोटाशी धरून खाली बसल्या. मंत्रीसाहेब भिंतीला टेकले. “आणि टँकर?” त्यांनी डोळे पुसत विचारलं.

“टँकर कागदावर येतो!” भुजंगराव ओरडले, आणि हे वाक्य त्यांच्या नोकरीतलं सर्वांत खरं वाक्य ठरलं. हास्याचा असा गडगडाट झाला की बाहेरच्या पोलिसांनी टाळ्या वाजवल्या.

त्या गडबडीत डॉक्टर मन्मथांनी हसत हसत दाढ काढली. धोंडप्पाही हसत होते. संध्याकाळी हसू उतरलं तेव्हा कळलं, की निघाली ती शेजारची, चांगली दाढ.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं: ‘दुष्काळी भागात समाधानाचे वातावरण.’ समाधानी गावांना टँकरची आवश्यकता नसते, म्हणून टँकरच्या यादीत गावाचं नाव मागं गेलं. धोंडप्पा दुखरी दाढ घेऊन पुन्हा कक्षात गेले, तर भुजंगराव म्हणाले, “आपण खुर्चीत हसल्याचं मंत्रीसाहेबांनी पाहिलंय. आपली भीती गेली. आता आपल्याला शांतवन मिळणार नाही.”

“पण दाढ दुखायलीय!”

“दुखणं आमच्या कक्षात येत नाही.”

डॉक्टर मन्मथांना मात्र त्या चुकीनं झोप येईना. रविवारी हत्यारांची पेटी घेऊन ते देवणीला, थेट दुकानात आले. उमादेवींनी नवऱ्याचं डोकं काखेत धरलं. सुई टोचली तेव्हा धोंडप्पा असे ओरडले की बाजारातली जनावरं दावणीला हिसके देऊ लागली. दाढ निघाली. कित्येक रात्री जागून काढलेल्या त्या माणसानं त्या दुपारी दुकानातल्या गाद्यांवर घोरत झोप काढली.

उमादेवींनी ते पाहिलं आणि त्यांना उमगलं, की हसून चांगली दाढ जाते आणि ओरडून दुखरी. सोमवारी त्या बायांना घेऊन जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांच्या कचेरीच्या दारात बसल्या. साहेबांनी विनोद केला, कुणी हसलं नाही. साहेबांनी चहा मागवला, कुणी प्यालं नाही. सगळ्याजणी फक्त ओरडत होत्या. दिवस मावळायच्या आत टँकर देवणीच्या रस्त्याला लागला.

आसपासच्या गावांना तो अजून मिळायचाय. तिथं लोक पारावर बसून उद्घाटनाची ही हकिकत एकमेकांना सांगतात आणि पोट धरून हसतात. भुजंगरावांनी वर कळवलं आहे, की सिलिंडर संपलं असलं तरी नवीन पाठवू नये. नुसती हकिकत ऐकवली तरी नागरिक शांत होतात. खात्री म्हणून ती छापूनही पाहावी, असं वरून उत्तर आलं. त्याप्रमाणे ती छापली आहे. वाचताना आपल्याला हसू आलं असेल, तर आपल्याकडचा नळ, रस्ता आणि दवाखाना यांबाबत आपण समाधानी आहात असं समजण्यात येईल.