निळी नौका कानाने जिंकिली त्याची हकीकत

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, वैशाख वद्य पक्षी, मंगळवारी, मौजे घाटनांदूर, तालुका अंबाजोगाई, जिल्हा बीड, येथील चौकात जे वर्तमान घडले ते आठ दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी निराळे होऊ लागले, कोणी म्हणे मीच सारे केले, कोणी म्हणे मी नसतो तर नौका बुडती, सबब आमिनाबीसाहेबांनी ताकीद दिली की, जाहले तितकेच कोणीतरी सरळ लिहून ठेवावे, पदरची भर घालू नये आणि आमच्या मालकांस फार चढवूही नये. ती आज्ञा शिरसावंद्य मानोन हा कागद लिहिला असे.

आमिनाबीसाहेबांचे मालक म्हणजे खासे हबीब मिस्त्री. डिझेल इंजिनांच्या दौलतीत बत्तीस वर्षे यांचा अंमल, विहिरीवरचे पंप, मळणीयंत्रे, ट्रॅक्टर, जीपगाड्या, जे जे म्हणोन धूर टाकते ते यांच्या दारी येऊन नमले, आणि कीर्ती अशी की मिस्त्री नट खोलण्याआधी डोळे मिटून कान देतात आणि दुखणे सांगतात. मात्र समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. आणि दुसरी एक गोष्ट अशी की गेली दोन वर्षे त्यांच्या कानांनी फितुरी केली होती. माणसाचे बोलणे समजे, जाड आवाज समजे, बारीक आवाज मात्र वाटेतच गळोन जाई. हे वर्तमान त्यांनी कोणास कळू दिले नव्हते. आलेल्या इंजिनापाशी पूर्ववत डोळे मिटीत, मग बोटांनी थरथर चाचपून निदान करीत, आणि आजवर झाकली मूठ राहिली होती.

अशात शहादेवराव, टपाल खात्यातून निवृत्त, मिस्त्रींचे लहानपणापासूनचे सोबती, यांची कन्या अंजलीबाई हिने कोकणातून मसलत मांडिली. ही मुलगी मत्स्यशास्त्राची पदवी घेऊन पाच वर्षे किनाऱ्यावर बर्फाच्या कारखान्यात चाकरीस होती, आणि आता तिकडच्या दोन कोळणींशी भागीदारी करोन खोल समुद्रात जाणारी एक जुनी मच्छीमार नौका घेण्याचे तिने मनात धरिले. दोन नौका नजरेखाली आल्या, एक निळी, एक पिवळी. लाकूड, तळ, कागदपत्र तिने स्वतः तपासले, त्या कसोटीस दोन्ही उतरल्या. राहिले इंजिन. तर बंदरावरचा जो मिस्त्री पाहावा तो निळीच्या मालकाचा मेहुणा, नाही तर पिवळीच्या मालकाचा साडू. तेव्हा तिने हबीबचाचांस फोन करोन कळविले की, शाळा सुटल्यावर मी तुमच्या दुकानात बसत असे, तुमच्या कानावर माझा भरवसा, मंगळवारी इंजिने चालू करोन फोन जवळ धरते, तुम्ही ऐकावे आणि सांगाल ती घेईन. दुपारी दोन वाजता दुसरे गिऱ्हाईक येणार, त्याआत फैसला व्हावा.

मिस्त्री हो म्हणाले आणि मग दोन दिवस त्यांना अन्न गोड लागेना. कारण पंप बंद पडला तर पीक सुकते, जीप बंद पडली तर चार माणसे उतरून ढकलतात, पण भर दर्यात इंजिन बंद पडले तर ढकलायला उतरणार कोण आणि कोठे?

इकडे चौकात फोनवर नौकांच्या तसबिरी फिरल्या आणि दोन पक्ष जाहले. शहादेवराव निळीवर आषक, तिच्या केबिनीची खिडकी पाहून म्हणत की पोरीस वारा चांगला लागेल. शेजारचे सुंदरराव वेल्डिंगवाले पिवळीचे कैवारी, म्हणत की पिवळा रंग लांबून दिसतो. दोघांपैकी समुद्र कोणीच पाहिला नव्हता, त्यामुळे वाद कोणालाच आवरेना.

मंगळवारी अकरा वाजता फोन आला. मिस्त्रींनी कानास लावला तो छबुबाईंच्या पिठाच्या गिरणीचा गडगडाट समोरून चालोन आला, सुंदररावांच्या कटरची किंकाळी डावीकडून आणि भंगारवाल्या टेम्पोचा भोंगा उजवीकडून. फोनच्या तारेची बोंडे कानात घालून पाहिली, तर गिरणी बोंडांतूनही आत शिरली. कोणी सुचविले की अंजलीने आवाज मुद्रित करोन पाठवावा. मिस्त्रींनी नामंजूर केले, इंजिनाशी सवालजबाब करावे लागतात, मुद्रित आवाजास काय पुसणार? मग हुकूम जाहला की, चौक शांत करावा.

शहादेवराव टेम्पोवर चालून गेले आणि त्यास चहा पाजून स्टेशनाकडे पिटाळून आले. सुंदररावांनी पिवळीच्या प्रेमापोटी कटर आपण होऊन ठेविला. राहिली गिरणी. छबुबाई म्हणजे करारी बाई, तीन गावांचे दळण ओळीस लागलेले, त्यांनी साफ सांगितले की नवऱ्याच्या मयतीला तीन दिवस सोडले तर गिरणी दिवसा थांबली नाही. तेव्हा वकिलीस अंजलीच्या मातोश्री सरूबाई गेल्या. त्यांनी रदबदली केली नाही, ओट्यावर बसल्या आणि इतकेच म्हणाल्या, "छबुबाई, माझी लेक त्या मशीनीच्या भरवशावर पाण्यात जाणार हाय."

छबुबाईंनी पट्ट्याकडे पाहिले, सरूबाईंकडे पाहिले आणि मुख्य खटका पाडला. मग तहाचे कलम सांगितले, पहिल्या फेरीचे सुकट आधी गिरणीवर पोचावे. कलम मंजूर जाहले. दळणाच्या बाया डबे घेऊन मिस्त्रींच्या दुकानापुढे येऊन बसल्या, आणि चौकात अशी शांतता पसरली की झाडाखालच्या शेळीचे रवंथ ऐकू यावे. मिस्त्रींस तेवढे ऐकू येत नव्हते.

प्रथम पिवळीचे इंजिन सुरू जाहले. मिस्त्रींनी डोळे मिटले. जाड घुमघुम पोचली, मऊ, एकसारखी, मखमलीवरून हात फिरवावा तशी. सुंदररावांनी मिशीस हात लाविला. मिस्त्रींनी फोन कानास आणखी दाबला, तरी उमज पडेना, कारण आत काही खडखडत असते तरी ते या कानापर्यंत आले नसते. बोटांनी चाचपावे तर इंजिन सव्वाशे कोसांवर. आता "चांगले आहे" असे दोन शब्द बोलले तर मान राहतो, कोणास कळत नाही, आणि कळेल तेव्हा पोरगी दर्यात असेल. असा विचार मनात आला आणि मिस्त्रींनी फोन खाली ठेविला.

"शहादेव," ते म्हणाले, "मला बारीक आवाज येत न्हाईत. दोन साल झाले. कान गेला माझा."

शहादेवराव जवळ आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कामून सांगितलं न्हाईस रे?" तेव्हा आमिनाबी दाराआडून पुढे आल्या. त्यांनी जाहीर केले की आम्हास पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे, कुकरच्या शिट्ट्या यांना मोजता येईनाशा झाल्या तेव्हाच कळले, आपण होऊन बोलतील म्हणून वाट पाहिली, आता रडारड नको, मुबश्शिरास बोलवा.

मुबश्शिरा म्हणजे मिस्त्रींची कन्या, वय वीस, अंबाजोगाईस कॉलेजात, सुटीस आलेली. हिचे बालपण त्याच दुकानात पान्यांच्या खणखणाटात गेले होते, पण तिचे मत आजवर कोणी विचारले नव्हते, कारण विचारण्यास अब्बा होते. तिने फोन कानास लाविला. मिस्त्री तिच्या पुढ्यात बसले आणि सवालजबाब सुरू जाहले.

ठोका आहे काय? नाही. शीळ? नाही. ताल चुकतो? चुकत नाही. मग ती थोडी थांबून म्हणाली, "अब्बा, हे तोंडात घास धरून बोलल्यासारखं वाटतंय."

मिस्त्री ताठ जाहले. त्यांनी मुबश्शिराकरवी अंजलीस हुकूम केला की तेल मोजायची पट्टी काढून तेल बोटांत धर, कसे पडते ते सांग. तिने कळविले की पडतच नाही, काकवीसारखे लोंबते. तेव्हा दगा कळला. विकणाराने दाट तेल भरून इंजिनाचे तोंड बांधिले होते, थंडपणी ते बोलणार नाही, तापून तेल पातळ होईल तेव्हा बोलेल. हुकूम गेला की अर्धा तास इंजिन बंद करू नये. पलीकडून पिवळीच्या दलालाचा कलकलाट ऐकू आला, की पाच मिनिटांची बोली होती, डिझेल फुकट जाते. अंजलीने पदरच्या पैशाने आणलेला डिझेलचा डबा दाखवून त्यास गप्प केले.

अर्धा तास. बाया डब्यांवर हात ठेवून बसल्या. छबुबाई उन्हाकडे पाहत होत्या. विसावे मिनिट भरले आणि स्टेशनातून मालगाडी निघाली, तिच्यावर कोणाची हुकमत नव्हती, छप्पन्न डबे जाईतो सर्वांनी दात आवळून धरिले. गाडी गेली, पुन्हा शांतता जाहली, मुबश्शिराने फोन घट्ट दाबला आणि फोनात ऐकू येईल त्या ठोक्यासरशी डाव्या हाताचे बोट दुकानाच्या फळीवर आपटू लागली. टक. टक. टक. फळीची थरथर मिस्त्रींच्या हाती पोचली आणि त्यांनी ओळखिले की तळचे बेअरिंग खलास, दोन महिन्यांचा पाहुणा. पिवळी बाद. सुंदररावांनी मान खाली घातली, पण उठोन गेले नाहीत.

मग निळी सुरू जाहली आणि पहिल्या क्षणापासून खडखडली. मुबश्शिराने फळीवर जो ताल धरिला तो ऐकून शहादेवरावांचा चेहरा उतरला. मिस्त्रींनी त्यांच्याकडे न पाहता अंजलीस सांगितले की नोझलच्या सहा नळ्या एकेक करोन ढिल्या कर, एक ढिली, मग घट्ट, मग दुसरी. ज्या नळीस आवाज मरेल तेथे दुखणे. पहिली ढिली केली, इंजिन मंदावले, खडखड तशीच. दुसरी, तिसरी, चौथी, तशीच. सहावी जाहली आणि मुबश्शिराने नकारार्थी मान हलविली.

मिस्त्री हसले. दोन दिवसांत प्रथमच हसले. त्यांनी सांगितले की आवाज इंजिनाच्या पोटातला नव्हे, अंगावरच्या दागिन्याचा आहे, बाहेर चाचपून पाहा. मिनिटभराने अंजलीने सायलेन्सरचा ढिला पट्टा लाकडाने दाबून धरिला आणि मुबश्शिराचे बोट फळीवर अधांतरी थांबले.

"थांबला," ती म्हणाली. "अब्बा, आता लई साफ हाय."

तरी न्याय सर्वांस सारखा म्हणून निळीसही अर्धा तास तापविले, तेल पाहिले, धूर पाहिला, ताल बदलला नाही. दळणवाल्या बायांपैकी एकीनेही कुरकूर केली नाही. पावणेदोन वाजता हबीब मिस्त्रींनी मुबश्शिराकडे पाहून पुसले की, काय सांगू? तिने सांगितले, घ्या. मग मिस्त्रींनी फोनवर तोच हुकूम दिला आणि वर सांगितले की हा निकाल माझा नव्हे, धाकट्या मिस्त्रींचा आहे.

अंजलीने बयाणा दिला. नवे नाव कागदावर घालावयाचे म्हणोन तिने विचारिले, तो शहादेवराव एक सांगती, सुंदरराव दुसरे, बाया तिसरे, पाच मिनिटे रणकंदन जाहले. शेवटी अंजलीने कोणाचेच न ऐकता ठरविले की नौकेचे नाव "घाटनांदूर". त्यावर छबुबाईंनी विचार करोन म्हटले, चला, गावाला बंदर न्हाई पण बंदराला गाव झालं.

येणेप्रमाणे निळ्या नौकेची मोहीम एक तोफ न डागता, केवळ गप्प बसून फत्ते जाहली. आमिनाबीसाहेबांनी त्याच बैठकीत हुकूम केला की सोमवारी मिस्त्रींनी अंबाजोगाईच्या दवाखान्यात कान दाखवावा, आणि दोन नौका तोलणाऱ्या या वीराने तो शिरसावंद्य मानिला. एक वाजून पन्नास मिनिटांनी छबुबाईंनी खटका वर केला, गिरणी गरजली, कटर किंचाळला, टेम्पो स्टेशनाकडून भोंगा वाजवीत परत आला, आणि चौकात कोणाचे कोणास ऐकू येईना. त्या घटकेस हबीब मिस्त्रींच्या कानांत आणि बाकी घाटनांदूरच्या कानांत काडीचा फरक उरला नव्हता. लेखनसीमा.