जोर कुठे लावायचा

दिनानाथ मास्तरांची नोकरी कायम व्हायची की जायची, हे शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटीसाहेबांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. आणि आठवीचा वर्ग इंग्रजी शब्द असे सपाट वाचत होता की मास्तरांना घास गोड लागेना. लांब शब्दाचे तुकडे मुलं बरोबर पाडत. पण बोलताना जोर कुठल्या तुकड्यावर द्यायचा, ते काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं.

शेवटी बंदरावर होडी ओढणारे कोळी पाहून मास्तरांना युक्ती सुचली. आरोळीच्या एकाच ठोक्याला सगळे मिळून खेचत होते. दुसऱ्याच दिवशी वर्गात जाड दोरी आली. पहिला शब्द होता 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'. "अ‍ॅड-मि-नि" म्हणताना ती सैल धरायची, "स्ट्रे"ला खेचायची, "शन"ला सोडायची. कोळ्यांचीच पोरं ती! आठवड्याभरात हे भलेमोठे शब्द ओढू लागली.

साहेब आले ते दोरी बघूनच भडकले. "ही शाळा आहे की गोठा?"

दोरी बाहेर गेली. होडीवाल्या गुणाजीची रतन उभी राहिली, तिने रिकाम्या मुठी आवळल्या, पण तोंडातून शब्द फुटेना.

"हातात कायच न्हाय, साहेब," ती रडवेली होऊन म्हणाली.

साहेबांनी एकेकाला उभं केलं. सगळ्यांची तीच गत. "मास्तर, माझा नाइलाज आहे," म्हणून ते उठले. मास्तर त्यांना बंदरावर होडीत बसवून द्यायला गेले.

पण तपासणी लांबली तोवर ओहोटी लागली होती, आणि साहेबांना खाडीपलीकडे नेणारी गुणाजीची होडी चिखलात रुतून बसली होती. गडीमाणसं सगळी दर्यावर.

"आठवीला बोलवा," गुणाजी म्हणाला. "दोरीची सवय हाय त्यांना. आनी साहेब, तुमीबी उतरा, वजन कमी व्हईल."

बूट काढून, पँट दुमडून साहेबांनी दोरी धरली. मुलांनी सवयीने सुरू केलं, "अ‍ॅड—"

साहेबांनी जीव खाऊन सैल दोरी खेचली आणि एकटेच चिखलात बसले.

"आताच न्हाय, साहेब!" रतन ओरडली. "जोर स्ट्रेला लावायचा!"

पुढच्या खेपेला साहेबांनी बरोबर "स्ट्रे"ला जोर लावला. होडी हलली, सरकली आणि पाण्यावर डोलू लागली.

कमरेपर्यंत माखलेले साहेब होडीत चढले. "मास्तर, दोरी राहू दे वर्गात," ते म्हणाले. "आणि तुम्हीही राहा."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी भर पाण्यात उभ्या उभ्या साहेबांना दोनदा नमस्कार केला.

गुणाजी मात्र वल्हं उचलता उचलता थांबला. "मास्तर, माज्या भावाची होडी याच्या दुप्पट हाय. तिच्यासाटी याहून लांब शब्द हाय का?"