बजरंगचं आमरण उपोषण

"प्राचार्य हटल्याबिगर पाण्याचा थेंब घेणार न्हाई!" बजरंगनं जिंतूरच्या कॉलेजच्या फाटकासमोर अशी डरकाळी फोडली की वरची कबुतरं भुर्रकन उडाली!

कॉलेजात निवडणुका कधीच होत नव्हत्या. म्हणून बजरंगनं स्वतःच स्वतःला विद्यार्थी नेता निवडलं होतं. बिनविरोध! कार्यकर्ता एकच, माऊली.

प्राचार्य काशीनाथ सरांनी स्नेहसंमेलन रद्द केल्यापासून बजरंगचा सरांच्या प्रत्येक कार्यक्रमावर बहिष्कार होता. परवाही सरांचा काहीतरी कार्यक्रम झाला. कसला, ते त्यानं विचारलंच नाही. बहिष्कार टाकणाऱ्यानं पत्रिका वाचायची नसते!

मागं बॅनर झळकत होता. सरांचा दारापेक्षा मोठा फोटो आणि वर लालभडक 'हटाव'!

दुपारपर्यंत पोटात कावळे सोडाच, गिधाडं ओरडायला लागली. माऊली 'पाठिंबा गोळा करायला' गेला आणि मिशीला मिसळीचा रस्सा लावून परतला. तेवढ्यात वर्गातली वैष्णवी बॅनर बघून चक्रावून थांबली.

"कुणाला हटवायलास रे?"

"काशीनाथ सरला!"

"येड्या, ते परवाच रिटायर झाले की! लय झकास निरोप समारंभ झाला. जिलेबी होती."

बजरंगला दोन धक्के बसले. जिलेबीचा जास्त जोरात बसला.

"मला सांगितलं कसं न्हाई?"

"कार्यक्रमाला जाईल त्याच्याशी बोलायचं न्हाई, हे फर्मान कुणाचं?"

आता उठावं तर जिंतूरभर हसं, नेतेपण मातीत! आणि उपोषण असं आपोआप सुटत नसतं. मोठ्या माणसानं सरबताचा गिलास हाती द्यायचा, फोटो निघायचा, मगच घोट. माऊली नव्या प्राचार्या अनसूया मॅडमकडं धावला. त्या खिडकीतूनच म्हणाल्या, "हे उपोषण मागच्या प्राचार्यांविरुद्धचं आहे. माझ्याकडं येत नाही!"

उन्हं कलली. बॅनरवरचा सरांचा चेहरासुद्धा बजरंगला जिलेबीसारखा दिसायला लागला. शेवटी वैष्णवीलाच दया आली. ती स्कूटीवर मागं काशीनाथ सरांना बसवून घेऊन आली. सर घरच्या लेंग्यात, हातात सरबताची किटली आणि गिलास!

"बजरंग, लेका, मी हटलो. मागणी मान्य! घे."

बजरंगनं गिलास एका दमात रिकामा केला.

"दादा, फोटो राहिला!" माऊली ओरडला. मग रिकामाच गिलास तोंडाला लावून फोटो काढला. "विद्यार्थी एकजुटीचा विजय असो!" बजरंगच्या जिवात जीव आला. इज्जतही वाचली, पोटही!

सर मात्र बॅनरकडं टक लावून उभे होते. घसा खाकरत म्हणाले, "एक विचारू का? निरोपाला माझा फोटो लावला होता तो पोस्टाच्या तिकिटाएवढा. हा बॅनर मी घरी नेऊ?"

"सर, त्याच्यावर 'हटाव' हाय!"

"तेवढी घडी घालून मागं घेतो."

"न्या सर, बांबूसकट न्या!" बजरंग हळूच किटलीकडं सरकला. "फक्त तेवढी किटली इथंच राहू द्या."