विलासशेठ आणि मागच्या बाकावरची गाणी

हळदीच्या मांडवात कुणी एखाद्या गाजलेल्या गाण्याची फर्माईश केली, की विलासशेठ म्हात्रे बेंजोवरची बोटं उचलतात, घाम पुसतात, कॅसिओवाल्याला "तू वाजव, मी च्या पिऊन येतो" म्हणतात आणि खरोखरच निघून जातात. नवरदेवाचा मामा रुसला तरी गाणं संपेपर्यंत ते परत येत नाहीत.

कळव्याला खारेगावातल्या आमच्या इमारतीत मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, विलासशेठ दुसऱ्या. इमारत उभी आहे ती त्यांच्याच भातशेतीवर, त्यामुळे पोटासाठी त्यांना काही करायची गरज नाही. बेंजो पार्टी ते निव्वळ हौसेने चालवतात. आणि या हौसेच्या पोटात दुसरी हौस म्हणजे विलायतेतला एक जुना रॉक बँड. त्या चौघा साहेबांची हिट गाणी आमच्या कॉलेजात पोरापोराला पाठ होती. विलासशेठना नेमकी तीच चालत नाहीत.

"त्यांना सगळी दुनिया विचारते, सर. मागच्या बाकावरच्यांना कोन विचारनार?"

मागच्या बाकावरची म्हणजे कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, अगदी शेवटी कोंबलेली गाणी. ती ते हळदीत वाजवतात. बेंजोवर, खाली कच्छी ढोल लावून! तुम्ही हसाल, मीही हसलो होतो. पण दिवा गावातल्या एका हळदीत त्यांनी असंच एक रडकं इंग्रजी गाणं लावलं आणि नवरीच्या चार आत्या वीस मिनिटं नाच थांबवायला तयार होईनात. पुढच्या महिन्यात कल्याणची एक पार्टी तेच गाणं 'पारंपरिक कोळीगीत' म्हणून वाजवत होती. विलासशेठना राग येईल असं मला वाटलं. ते इतके खूश झाले, की मला जिन्यातच मिठी मारली.

तर अशा माणसाला मी एके दिवशी सांगून बसलो, की तो बँड नवा अल्बम काढतोय. त्यात एकही हिट नाही, सगळी विसरलेली बावीस गाणी. विलासशेठनी माझा दंड धरला, घरात नेलं आणि यादी तीन वेळा मोठ्याने वाचून घेतली. सतरावं नाव ऐकून ते सोफ्यावरून उठलेच. दिवे लावणाऱ्या एका म्हाताऱ्याचं ते गाणं, हळदीत आत्यांना नाचवणारं तेच. ते पूर्वी एका छोट्या तबकडीवर आलं होतं आणि नंतर कुठेच नाही. इंटरनेटवर मीही त्यांच्यासाठी शोधून दमलो होतो.

तीस वर्षांपूर्वी त्यांचे थोरले बंधू बाळादादा, पार्टीचे ढोलकीवाले, डोंबिवलीच्या मित्राकडून ते कॅसेटवर भरून घेऊन आले होते. पण गाणं चालू असतानाच कॅसेट संपलेली. "पुढचं माझ्या ध्यानात हाय," असं म्हणून दादांनी उरलेलं गुणगुणून दाखवलं आणि विलासशेठनी ते बेंजोवर बसवलं. कॅसेट पुढे टेपमध्ये अडकून फाटली. सहा वर्षांपूर्वी दादाही गेले. आता विलासशेठना एकच घोर लागला होता. आपण शेवट बरोबर वाजवतो का? का इतकी वर्षं साहेबाच्या गाण्याची वाट लावली?

अल्बम आला त्या दिवशी सकाळी आठला पार्टीचे दोन्ही मोठे स्पीकर खाली आवारात हजर! माझा फोन त्याला जोडला. सोसायटीचे सेक्रेटरी तावातावाने खाली आले, तर विलासशेठनी त्यांना खुर्ची दिली आणि पोहे मागवले. मी म्हटलं, थेट सतरावं लावू. त्यांना ते मुळीच पटलं नाही. बाकीच्या गाण्यांनीही इतकी वर्षं वाट बघितली आहे, असं त्यांचं म्हणणं. सोळा गाणी आम्ही ओळीने ऐकली, आणि काय सांगू, एकेक गाणं असं होतं की सेक्रेटरी पोहे विसरून मान हलवत होते.

सतरावं सुरू झालं. विलासशेठनी बेंजो मांडीवर घेतला आणि सोबत वाजवू लागले. सूर न् सूर जुळला! मी उभा राहून टाळ्या पिटत होतो. मग कॅसेट संपायची ती जागा आली. साहेबाने एक ओळ म्हटली, गिटार दोनदा वाजली आणि गाणं संपलं. बेंजो मात्र एकटाच वर चढत गेला. जिथे आत्या नाचल्या होत्या, तिथवर जाऊन थांबला.

मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"कापलंय यांनी," विलासशेठ संतापले. "कंपनीला लिवा, सर."

मी फोनवर अल्बमची माहिती वाचली. गाणी होती तशी, पूर्ण दिली आहेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मला सांगवेना, पण सांगितलं.

"विलासशेठ, गाणं एवढंच आहे. पुढचं यांचं नाहीच. ते दादांचं आहे."

 मग विलासशेठनी तेवढाच तुकडा वाजवला, साहेबाचं काही न घेता, अगदी हळू. आयुष्यात पहिल्यांदाच ऐकावा तसा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"तीस वर्सं लोकांना सांगत आलो, चाल साहेबाची हाय," ते म्हणाले. "आनि दादा बाजूलाच ढोलकी घेऊन बसलेला. एकदा पन बोलला नाय, माझी हाय म्हनून."