बार्बेडोसचे स्कीटकाका

स्कीटकाकांच्या गाडीत पुढच्या सीटवर पृथ्वीचा गोल बसलेला असायचा. सीटबेल्ट लावून. कोणाला लिफ्ट दिली तर काका त्या माणसाला मागे बसवायचे, गोलाला नाही.

स्कीटकाका म्हणजे अमेरिकेत कॅरी गावातल्या आमच्या अपार्टमेंटमधले खालच्या मजल्यावरचे शेजारी. मूळचे बार्बेडोसचे. वेस्ट इंडिजमधलं हे चिमुकलं बेट. उंच, काळे, ताठ. नॉर्थ कॅरोलायनाच्या ऑगस्टमधल्या भर उकाड्यातही कोट, वेस्टकोट, टाय. मॉलमधल्या एका चष्म्याच्या दुकानात नोकरी. 'काका' त्यांना माझ्या बायकोने, शैलाने केलं. म्हणाली, "एवढ्या मोठ्या माणसाला नुसतं 'स्कीट' काय म्हणायचं? मांजर हाकलल्यासारखं वाटतं."

ऐंशीच्या दशकात आमच्या गावात परदेशी माणूस दिसला की लोक मोठ्या प्रेमाने चौकशी करायचे. काकांच्या दुकानात कोणी बाई चष्मा लावून बघता बघता विचारायची, "तुम्ही जमैकाचे ना?"

"मॅडम, लेट अस बी करेक्ट," असं म्हणून काका थेट पार्किंगमध्ये. बाई एक काडी कानावर, एक हवेत अशा अवस्थेत उभी. काका गोल घेऊन यायचे. "हे जमैका. हा मी. मध्ये हजाराहून जास्त मैल पाणी आहे. आणि मला पोहता येत नाही."

एकदा मॉलच्या मॅनेजरने कॅरिबियन सप्ताह काढला. काकांसाठी फुलाफुलांचा शर्ट आणि गवताची टोपी आणली. दारात उभं राहायचं, जमलं तर थोडं नाचायचं. काकांनी शर्ट नीट घडी घालून परत दिला. "सर, लेट अस बी करेक्ट. आमच्याकडे हा शर्ट फक्त अमेरिकन लोक घालतात."

आम्हा मराठी मंडळींना वाटायचं, आपलं बरं आहे. क्रिकेटमुळे आपल्याला जमैका कुठलं आणि बार्बेडोस कुठलं ते कळतं. पण घोळ आम्हीही घातलाच.

मिलिंद नावाचा एक मुलगा इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता. आमच्या रविवारच्या क्रिकेट टीमचा तो कॅप्टन. माझ्याकडे येताना जिन्यात त्याची आणि काकांची गाठ पडली. वर आला तो धापा टाकतच.

"पवारकाका, बार्बेडोस! फास्ट बोलर्सची खाण आहे यार ती! आणि हा माणूस तुम्ही नुसता खाली ठेवून दिलाय?"

"अरे, साठीला आलेत ते."

"आले असतील. बार्बेडोसचे आहेत ना?"

तो तसाच खाली गेला आणि काकांना खेळायला बोलावून बसला. काकांनी टायची गाठ नीट केली. मग म्हणाले, "किती वाजता?"

रविवारी समोर शेजारच्या डरहॅम गावची टीम होती. वेस्टकोटातले काका बॉल हातात घेऊन उभे राहिलेले दिसताच त्यांच्या ओपनरने कोणाचं तरी सायकलचं हेल्मेट मागून घातलं. काका मोजत मोजत पार ओकच्या झाडापर्यंत मागे गेले. आमची पोरं ओरडायला लागली, "कमॉन, बार्बेडोस!"

काका धावत आले. पहिला बॉल अंपायरच्या पाठीत बसला. अंपायर मी होतो. दुसरा शेजारच्या पिकनिकवाल्यांच्या कलिंगडात गेला. तिसरा टप्पे खात, जीव सांभाळत कसाबसा निघाला. पण ओपनर भीतीने इतका बाजूला सरकला होता, की बॉल रमतगमत जाऊन स्टंपला टेकला. आउट! पोरांनी काकांना उचललंच.

"काका, तिकडे कुठल्या क्लबकडून खेळायचात?" मिलिंदने कौतुकाने विचारलं.

"क्लब? मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचो. क्रिकेटचा बॉल आज पहिल्यांदा हातात धरला."

मिलिंदचा चेहरा उतरला. पण लगेच आवाज खाली आणून म्हणाला, "हे डरहॅमवाल्यांना सांगू नका, प्लीज."

त्या उन्हाळ्यात काका दर रविवारी आले. त्यांना दुसरी विकेट कधीच मिळाली नाही. गुडघे सुजले, तरी पट्टी बांधून यायचे. एकदा मॅच संपल्यावर आम्ही दोघंच बाकावर बसलो होतो. काका गुडघ्याला बाम चोळत होते. मला राहवलं नाही.

"काका, जमैकाचा म्हटलेलं तुम्हाला खपत नाही. मग बोलर नाही हे मिलिंदला पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

ते चोळायचे थांबले.

"माझी बायको, अर्नेस्टीन, होती तोवर आमच्या घरात दिवसभर बार्बेडोस चालायचं. मासा चांगला मिळाला नाही की बार्बेडोस. थंडी पडली की बार्बेडोस. ती गेली, आणि ते नाव फक्त माझ्याच तोंडून ऐकू यायला लागलं. तेही कोणाची तरी चूक दुरुस्त करताना." मैदानावर पोरं स्टंप गोळा करत होती, तिकडे बघत ते म्हणाले, "ही पोरं ते ओरडतात. खुशीत ओरडतात. म्हटलं, बोलर तर बोलर."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तू कुठला?"

"इंडिया."

"ते मला माहीत आहे. गाव कुठलं?"

इतकी वर्षं अमेरिकेत काढली, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं.

"वाळवा."

"वालवा."

"वालवा नाही. जीभ जरा मागे वळवा. वाळवा."

काकांनी चष्मा काढून हातात धरला आणि डोळे मिटले. वारवा झालं, वाडवा झालं. पोरं टाटा करून निघून गेली, मैदान रिकामं झालं, तरी त्यांचं चाललंच होतं. आणि मग एकदम, अगदी आमच्या पाणवठ्यावर कोणी हाक मारावी तसं स्वच्छ आलं, "वाळवा."

मी नुसती मान हलवली.

"बरोबर?" त्यांनी विचारलं. आणि माझ्याकडे बघून, उत्तराची वाट न पाहता, पुन्हा एकदा म्हणाले.